एच-इंडेक्स बघायच्या आधी यादी साफ करा: खगोलशास्त्रज्ञाचे पेपर आणि सायटेशन्स कसे वाचायचे

मागच्या वर्षी एमएस्सीच्या एका पोराने विचारलं, "सर, पीएचडीसाठी दोन गाइड डोक्यात आहेत, एकांचा एच-इंडेक्स साठ आहे आणि दुसऱ्यांचा अठरा, मग साठवालेच धरायचे ना?" एच-इंडेक्स साठ म्हणजे त्या माणसाच्या साठ पेपरांना प्रत्येकी निदान साठ सायटेशन्स आहेत, आणि सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांत दिलेला दाखला. मी म्हटलं, अरे बटाटे घेताना नुसता काटा बघतोस की माती किती चिकटलीय ते पण बघतोस? तो हसला, पण त्याला खरंच माहीत नव्हतं की ही माती बघायची कुठे. मग त्याला लॅपटॉपसमोर बसवून जे दाखवलं तेच इथे लिहितोय. गाइड शोधणारे, कॉलेजात फॉर्म भरणारे, एखाद्या शास्त्रज्ञावर लेख लिहायला बसलेले, सगळ्यांना चालेल. तासभर लागतो, फार तर दीड तास.

उदाहरणाला श्रीनिवास कुलकर्णींना घेतोय. जन्म १९५६ चा, कुरुंदवाडचा, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला, शिक्षण आयआयटी दिल्ली आणि मग बर्कली, पुढचं सगळं करिअर कॅलटेकला आणि २०२४ चं खगोलशास्त्राचं शॉ प्राइझ त्यांना मिळालं. त्यांना घेण्याचं खरं कारण मात्र आडनाव आहे, ते कळेलच.

पायरी १: दुकान योग्य निवडा

खगोलशास्त्रासाठी एकच जागा आधी उघडायची, ती म्हणजे नासाचं एडीएस, अॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम. नाव नासाचं असलं तरी चालवतात हार्वर्ड-स्मिथसोनियनवाले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे आणि पूर्ण फुकट आहे. या क्षेत्रातली माणसं सकाळी उठून आधी अर्काइव्ह (arXiv) ही वेबसाइट उघडतात, नवीन काय आलंय ते बघायला, आणि जुनं काही शोधायचं असलं की एडीएस. अर्काइव्ह १९९१ मध्ये सुरू झालं, तिथे पेपर छापून यायच्या आधीच टाकतात, त्यामुळे सायटेशन्स पण छापायच्या आधीच सुरू होतात.

मग गुगल स्कॉलर? तो शेवटी, पडताळायला. तो काहीही मोजतो, थिसिस, कुणाच्या तरी वेबसाइटवरची पीडीएफ, सगळंच, म्हणून आकडा नेहमी फुगलेला दिसतो. शिवाय प्रोफाइल आपोआप भरायला ठेवलं तर दुसऱ्याचे पेपर गळ्यात येतात. माझंच झालंय. माझ्या नावाच्या कुण्या कृषीवाल्या गृहस्थांचा माती परीक्षणावरचा पेपर माझ्या प्रोफाइलमध्ये येऊन बसला होता, मी न बघता यादी प्रिंट करून फॉर्मला जोडली आणि मुलाखतीत एका बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही भुईमुगावर पण काम केलंय का?" तेव्हापासून मी यादी ओळन्‌ओळ वाचतो.

गुरुत्वाकर्षण, विश्वरचनाशास्त्र असलं जास्त थिअरीकडे झुकलेलं काम असेल तर इन्स्पायर नावाचा डेटाबेस पण बघा, तो कण-भौतिकीवाल्यांचा आहे आणि त्या बाजूची सायटेशन्स तिथे जास्त नीट सापडतात. स्कोपस, वेब ऑफ सायन्स हे पैसेवाले, कॉलेजच्या लायब्ररीत असले तर ठीक. सगळ्यात महत्त्वाचं, दोन डेटाबेसचे आकडे एका वाक्यात कधीच तोलू नका. एकाचा स्कॉलरवरून, दुसऱ्याचा एडीएसवरून, असं केलं की संपलंच.

पायरी २: नाव, आणि इथेच निम्मा वेळ जातो

एडीएसच्या खिडकीत ऑथर लिहून कोलन द्यायचा आणि मग अवतरण चिन्हात आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. म्हणजे ऑथर:"कुलकर्णी, एस आर" असं, अर्थात टाइप रोमनमध्ये करायचं. आता नुसतं "कुलकर्णी, एस" टाकून बघा काय होतं ते. अख्खा महाराष्ट्र आणि निम्मा कर्नाटक समोर येतो, संजय, सुनील, सुहास, सुप्रिया, कुणी पातळ थरांवर काम करतंय, कुणी लेझरवर. एडीएसमध्ये नुसतं खगोलशास्त्र नाही, भौतिकशास्त्र पण आहे, म्हणून ही गर्दी.

यावर तीन उपाय. डाव्या पट्टीत कलेक्शन्स म्हणून आहे तिथे अॅस्ट्रॉनॉमीवर टिक करा, अर्धी गर्दी तिथेच पांगते. मग त्याच पट्टीत ऑथर्सवर क्लिक केलं की नावाची वेगवेगळी रूपं दिसतात, श्रीनिवास आर., नुसतं एस. आर., कुठे श्री, म्हणजे आपल्याकडे जसं मतदार यादीत एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे असतं तसंच. ती रूपं बघून ठरवा कुठली ठेवायची. तिसरा उपाय संस्था, हा माणूस कुठल्या वर्षी कुठे होता ते माहीत असेल तर उपरे पेपर लगेच कळतात.

नारळीकरांचं बघा, हा तर मस्तच गोंधळ आहे. जयंतराव जे. व्ही., त्यांचे वडील विष्णु वासुदेव म्हणजे व्ही. व्ही., ते बनारसला होते आणि त्यांचं कामही सापेक्षतावादावरच, आणि भाऊ अनंत म्हणजे ए. व्ही., ते सुपरकंडक्टिव्हिटीवाले. नुसतं आडनाव टाकलं तर वडील आणि दोन्ही मुलं एकाच यादीत. वडील-मुलाच्या बाबतीत तर विषयावरूनही वेगळं करता येत नाही, आद्याक्षरच बघावं लागतं.

बायकांच्या बाबतीत अजून एक, लग्नानंतर आडनाव बदललं तर पहिले पाच-सहा पेपर माहेरच्या नावावर आणि पुढचे सासरच्या, मशीनला ही दोन माणसं वाटतात. ऑरसिड नावाचा सोळा आकडी नंबर २०१२ पासून मिळतोय तो याचसाठी. तुम्ही स्वतः संशोधन करत असाल आणि अजून ऑरसिड काढलं नसेल तर हा लेख इथेच थांबवा आणि आधी ते काढून या, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे. आणि पहिल्या पेपरला जसं नाव लावाल तसंच शेवटपर्यंत लावा.

पायरी ३: यादीतला कचरा वेगळा काढा

आता यादी तुमच्या माणसाचीच आहे, पण त्यात सगळं एकत्र आहे, रेफरी झालेले (म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून छापलेले) पेपर, परिषदेतले गोषवारे, टेलिस्कोपचा वेळ मागायचे प्रस्ताव, "आज अमुक ठिकाणी नवा तारा दिसला" अशा चार ओळींच्या सूचना. क्षणिक घटनांवर, म्हणजे सुपरनोव्हा, गॅमा किरणांचे स्फोट यावर काम करणाऱ्या माणसाच्या नावावर अशा सूचना शेकड्यांनी असतात, कारण त्या धंद्यात रात्री दोन वाजता काही दिसलं की लगेच जगाला कळवावं लागतं. ते काम खोटं नाही पण त्याला पेपर म्हणून मोजू नका. डावीकडे रेफरीडवर टिक करा आणि दोन्ही आकडे, आधीचा आणि नंतरचा, वहीत लिहून ठेवा. हजाराचे तीनशे झाले तर घाबरू नका, या क्षेत्रात ते नेहमीचं आहे.

प्रत्येक नोंदीला एकोणीस अक्षरांचा बिबकोड असतो. आधी वर्ष, मग जर्नलचं संक्षिप्त नाव, खंड, पान आणि शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं एक अक्षर, रिकाम्या जागी टिंबं. सवय झाली की तो आगगाडीच्या तिकिटासारखा वाचता येतो. उदाहरणार्थ १९८२, नेचर, ३००, ६१५ आणि शेवटी बी. हा बी कुलकर्णींचा नाही, बॅकरचा आहे, आणि ही गोष्ट पुढच्या पायरीत लागणार आहे.

पायरी ४: लेखकांच्या रांगेत हा माणूस कुठे उभा आहे

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका.

खगोलशास्त्रात साधारण रिवाज असा की ज्याने काम ओढलं तो पहिला. विद्यार्थी असेल तर विद्यार्थी पहिला, गाइड दुसरा किंवा रांगेत पुढेमागे कुठेतरी. गणितवाल्यांसारखं सरसकट अकारविल्हे नाही. पण मोठ्या गटांचं पुष्कळदा उलटं, तिथे अकारविल्हे चालतं. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्या त्याचा पेपर, ११ फेब्रुवारी २०१६ ला फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला, त्यात हजाराच्या आसपास लेखक आणि पहिलं नाव अॅबट. अॅबट पहिले कारण त्यांचं आडनाव ए-बी ने सुरू होतं, बस. त्या यादीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली माणसं पण आहेत, आणि उद्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा सुरू झाली की अशा याद्यांत पाटील, शिंदे, जाधव भरपूर दिसतील, फक्त ते नेहमी खाली असतील, इंग्रजी मुळाक्षरांची कृपा. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले त्यावरच्या सामाईक पेपरला साडेतीन हजारांहून जास्त लेखक होते.

हे बघायला ऑथर:"^कुलकर्णी, एस आर" असं टाका, ते टोपीसारखं चिन्ह आडनावाच्या आधी दिलं की फक्त पहिल्या लेखकाचे पेपर येतात. कुलकर्णींचे १९९८ चा सुपरनोव्हा १९९८बीडब्ल्यूच्या रेडिओ लहरींवरचा आणि १९९९ चा २३ जानेवारीच्या गॅमा किरण स्फोटावरचा, दोन्ही नेचरमधले, लगेच दिसतील.

पण थांबा, आता काय गायब झालं ते बघा. १९८२ चा मिलिसेकंद पल्सार गायब, म्हणजे सेकंदाला सुमारे ६४२ वेळा गिरक्या घेणारा तारा, ज्याने एक अख्खं उपक्षेत्र सुरू केलं. कुलकर्णी तेव्हा बर्कलीला विद्यार्थी होते आणि पेपरवर पहिलं नाव डॉन बॅकरचं, कुलकर्णी दुसरे. १९९५ चा ग्लीझ २२९बी हा तपकिरी खुजा तारा पण गायब, तिथे पहिलं नाव नाकाजिमा, कुलकर्णी तिसरे. झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, पालोमारवरचा तो आकाश झाडून काढणारा कॅमेरा, ज्याच्या मागे कुलकर्णींचं डोकं होतं, त्याच्या मुख्य पेपरवर पहिलं नाव बेल्म. शॉ प्राइझ ज्या कामासाठी दिलं त्यातला मोठा भाग हा टोपीच्या फिल्टरमधून निसटतो.

म्हणून नुसती टोपी लावून निकाल देऊ नका. मी असं करतो: टोपीची यादी एक, मग टोपी काढून दहा किंवा कमी लेखकांची यादी दोन, त्यासाठी ऑथर_काउंट:[१ टू १०] असं जोडायचं, आणि उरलेली मोठ्या गटांची यादी तीन. तिन्ही याद्या सायटेशन्सप्रमाणे लावून प्रत्येकीतले पहिले दहा पेपर बघायचे, नुसते शीर्षक नाही, गोषवारा पण वाचायचा. तिसऱ्या यादीतल्या पेपरात या माणसाने नक्की काय केलं ते कागदावर कळत नाही, ते विचारावं लागतं. कुणी दहा वर्षं डिटेक्टरचे आरसे पुसले असतील, कुणी फक्त वर्गणी भरल्यासारखं सदस्य असेल.

आणि वय बघा. पन्नाशीपुढच्या माणसाच्या नावावर पहिल्या लेखकाचे पेपर कमी होतात, ते आळस म्हणून नाही, विद्यार्थी पुढे केले म्हणून.

पायरी ५: आता कुठे आकडे

उजवीकडे वर एक्स्प्लोअर आहे, त्यात मेट्रिक्स. क्लिक केलं की पेपर, सायटेशन्स, इंडेक्स असे तक्ते येतात.

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. समजा एकाच्या सात पेपरांना ९०, ४०, २२, ९, ६, ५ आणि १ अशी सायटेशन्स आहेत. वरून मोजत जायचं, पाचव्या पेपरला ६ आहेत म्हणजे पाच किंवा जास्त, ठीक, सहाव्याला ५ च आहेत म्हणजे सहापेक्षा कमी, थांबा. एच पाच. आता पहिल्या पेपरला ९० च्या जागी ९००० असती तरी एच पाचच. चंद्रशेखरांचा १९३१ चा, श्वेतबटूच्या कमाल वस्तुमानावरचा पेपर दोन पानांचा आहे आणि एच-इंडेक्सच्या लेखी तो फक्त एक नग. तसंच एच कधी खाली येत नाही, माणूस रिटायर होऊन बागेत पाणी घालत असला तरी वाढतच राहतो. म्हणून वयाने भागतात, त्याला एम म्हणतात, पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी एच ला भागायचं.

मी स्वतः त्या तक्त्यात आधी नॉर्मलाइज्ड सायटेशन्स बघतो. पेपरची सायटेशन्स भागिले लेखक. हजार लेखकांच्या पेपरला दहा हजार सायटेशन्स आली तर प्रत्येकाच्या ताटात दहा, दोघांच्या पेपरला चाळीस आली तर प्रत्येकी वीस. अगदी न्याय्य आहे असं नाही, कारण वाटे सारखे पडतात आणि काम सारखं नसतं, पण पहिली सूज इथेच उतरते. टोरी म्हणून अजून एक आहे, तो लेखकांनी भागतो, सायट करणाऱ्या पेपरच्या संदर्भयादीच्या लांबीनेही भागतो आणि स्वतःचीच सायटेशन्स वगळतो. हुशार कल्पना आहे पण फॉर्मवर कुणी विचारत नाही.

सेल्फ-सायटेशनची ओळ पण असते. त्यावरून लगेच कुणाला चोर ठरवू नका, एकाच ताऱ्यावर वीस वर्षं काम करणारा माणूस स्वतःच्या जुन्या पेपराचा दाखला देणार नाही तर कुणाच्या देणार. निम्म्याच्या वर गेलं तर मात्र भुवई उंचवा.

सरासरी बघू नका, मिडियन बघा, म्हणजे आकडे क्रमाने लावून बरोबर मधला. आकाशाच्या एखाद्या मोठ्या सर्व्हेच्या पेपरने सरासरी आकाशाला भिडते.

पायरी ६: आकड्याला विचारा, तू कुठून आलास

सगळ्यात जास्त सायटेशन्सचे पेपर उघडून बघितले की कळतं, कितीतरी वेळा ते मोठे शोध नसतातच, ती हत्यारं असतात. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा १९९८ चा नकाशा, श्लेगल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांचा, तो प्रत्येकाला लागतो कारण धूळ वजा केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. अॅस्ट्रोपाय ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली तयार कोडची लायब्ररी, तिचे २०१३, २०१८, २०२२ चे पेपर, रोज कुणी ना कुणी सायट करतंच. हे कमी दर्जाचं काम आहे असं मुळीच नाही, उलट मला यांचा जास्तच आदर आहे, पण सैद्धांतिक काम करणाऱ्याशी यांची तुलना म्हणजे सुतार आणि कवी एका काट्यावर.

घरचं उदाहरण, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या तीस थाळ्या. ती वापरणारे बहुतेकजण गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांचा करंट सायन्समधला १९९१ चा पेपर सायट करतात, अपग्रेडनंतर २०१७ चा गुप्ता आणि सहकाऱ्यांचा. पण ती दुर्बीण चालत राहावी म्हणून पावसाळ्यात केबल तपासणारे, रिसीव्हर दुरुस्त करणारे इंजिनिअर बऱ्याचशा याद्यांत नसतात, कुठे कुठे आभार म्हणून एक ओळ असते तेवढीच.

दुसरं, सायटेशन म्हणजे शाबासकी नाही. २०१४ च्या मार्चमध्ये बायसेप२ या दुर्बिणीवाल्यांनी विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली म्हणून जाहीर केलं, वर्षभरातच कळलं की तो सिग्नल आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो. तरी तो पेपर भरपूर सायट झालेला आहे, कारण सगळ्यांना त्यावर बोलायचं होतं.

तिसरं याच्या बरोबर उलटं, काम इतकं मोठं होतं की सायट करणंच बंद होतं. मेघनाद साहांचं आयनीकरणाचं समीकरण १९२० चं, आज ताऱ्यांच्या वर्णपटावर काम करणारा नुसतं "साहा समीकरण" लिहितो आणि पुढे जातो, मूळ पेपरचा दाखला देत नाही. सापेक्षतावादातल्या रायचौधुरींच्या १९५५ च्या समीकरणाचंही पुष्कळदा तसंच. आणि काही पेपर नुसते झोपून राहतात, झ्विकीचा १९३३ चा कृष्णद्रव्यावरचा पेपर, जर्मनमध्ये, स्विस जर्नलात, कित्येक दशकं फारसं कुणी बघितलंच नाही. पाच वर्षांची खिडकी लावून बघितलं असतं तर हा माणूस नापास.

नारळीकरांचं रेकॉर्ड बघताना हे सगळं एकदम लागतं. फ्रेड हॉयलबरोबरचं १९६४ चं गुरुत्वाकर्षणाचं काम, १९९३ चं हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबरचं स्थिरवत विश्वाचं मॉडेल, ज्यावर टीका करायला पण लोकांनी सायट केलं. आयुका उभी केली त्याचं सायटेशन शून्य. मराठीत लिहिलेल्या विज्ञानकथांचं शून्य, आत्मचरित्राला साहित्य अकादमी मिळाला त्याचं शून्य. आमच्या पिढीतली अर्धी पोरं त्या कथा वाचून या लायनीला लागली, ते कुठल्या तक्त्यात टाकणार?

पायरी ७: लिहून ठेवायचं कसं

फॉर्ममध्ये किंवा लेखात नुसता "एच-इंडेक्स ३१" असं लिहू नका. असं लिहा: "एडीएस, अमुक तारखेला, फक्त रेफरीड पेपर, एवढे पेपर, त्यातले पहिला लेखक म्हणून एवढे, एकूण सायटेशन्स एवढी, नॉर्मलाइज्ड एवढी, एच एवढा." एक ओळच होते. तारीख हवीच, महिन्याभरात आकडा बदलतो. एडीएसवर खातं काढून यादी लायब्ररी म्हणून सेव्ह करा, पुढच्या वर्षी पुन्हा नारळीकर-कुलकर्णी निवडत बसावं लागत नाही. आणि फॉर्मच्या चौकटीत ओळ मावत नसेल तर वेगळा कागद जोडा, कोणी फेकून देत नाही, माझा तरी अजून कुणी फेकला नाही.

गाइड शोधत असाल तर अजून एक काम करा. गेल्या पाच-सात वर्षांतले दहापेक्षा कमी लेखकांचे पेपर काढा, त्यात पहिली नावं कुणाची आहेत बघा आणि ती पोरं पुढे काय करतायत, त्यांचे नंतरचे पेपर येतायत का, तेही एडीएसवरच शोधा. आमच्या त्या पोराने हे केलं. साठवाल्यांच्या यादीत छोट्या गटाचे पेपर त्या काळात दोनच निघाले, बाकी सगळी मोठी कोलॅबोरेशन्स. अठरावाल्यांकडे चार विद्यार्थी, चौघांचेही पहिल्या नावाचे पेपर, तिघं अजून याच क्षेत्रात. साठवाले वाईट असं अजिबात नाही, मोठ्या प्रयोगात शिरायचं असेल तर तेच बरे, पण याला स्वतःच्या हाताने डेटा रिड्यूस करायला, म्हणजे दुर्बिणीचा कच्चा डेटा साफ करून वापरण्याजोगा करायला, शिकायचं होतं. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला, "सर, अठरावाल्यांना मेल टाकली." उत्तर अजून आलं नव्हतं, ते म्हणे ऑब्झर्व्हिंगला गेले होते.